स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची निवड

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नागपुरात गेल्या काही वर्षांत शक्तिशाली इंजिनांच्या गाड्या डोळ्यांत भरण्याइतक्या वाढल्या आहेत. वेस्ट हायकोर्ट रोडवर, सिव्हिल लाइन्सच्या रुंद रस्त्यांवर आणि सुटीच्या सकाळी समृद्धी महामार्गाच्या दिशेने त्या हमखास दिसतात. गाडीची आवड ही चांगली आवड आहे असे मी मानतो, कारण ती माणसाला यंत्राकडे नीट पाहायला शिकवते. मात्र या गाड्यांचा एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारी नळ्यांची यंत्रणा, बदलून घेण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ होत चालली आहे, तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. आवाज मोकळा हवा आणि पिकअप वाढायला हवा, असे ग्राहक गॅरेजमध्ये सांगतो, आणि त्यावर उपाय म्हणून ‘कॅट’, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कापून त्या जागी सरळ नळी जोडली जाते किंवा ‘स्पोर्ट्स कॅट’ या नावाखाली एखादा चकचकीत डबा बसवला जातो. वाहन अभियांत्रिकी शिकवण्यात माझे आयुष्य गेले आहे. त्या अभ्यासावरून मी सांगू शकतो की ग्राहकाला जे हवे असते ते बहुतेक वेळा कॅटला हात न लावता मिळते, आणि ज्या थोड्या गाड्यांत कॅट बदलण्याला तांत्रिक अर्थ असतो, तिथे त्याची निवड मोजता येणाऱ्या गुणांवरून करावी लागते.

कॅट काय करतो हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे हे तीन मुख्य विषारी घटक असतात. कॅटच्या पोलादी कवचात मधाच्या पोळ्यासारखा, असंख्य बारीक उभ्या पोकळ्यांचा ठोकळा असतो. त्या पोकळ्यांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा खरखरीत थर आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण असतात. ठोकळा पुरेसा तापला आणि इंजिनात हवा व पेट्रोल यांचे प्रमाण १४.७ ला १ या आदर्श मानाच्या अगदी जवळ राहिले, तर हे तिन्ही घटक ९० टक्क्यांहून अधिक प्रमाणात कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन यांत बदलतात. येथे ‘तापला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या खाली कॅटचे काम जवळजवळ बंदच असते, आणि म्हणूनच थंड गाडी सुरू केल्यानंतरची पहिली एक-दोन मिनिटे सर्वांत घाण असतात. उत्पादक कॅट इंजिनाच्या शक्य तितक्या जवळ बसवतात ते याच कारणाने. तो काढून इंजिनापासून दूर, गाडीच्या पोटाखाली दुसरा बसवला, तर तो कितीही उत्तम प्रतीचा असला तरी उशिरा तापतो. धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंतच्या छोट्या फेरीत तर तो पुरता तापेपर्यंत मुक्काम येतो.

आता आवाजाकडे वळतो, कारण बहुतांश ग्राहकांची खरी मागणी तीच असते. गाडीचा आवाज मुख्यतः मागच्या सायलेन्सरने आणि मधल्या रेझोनेटरने, म्हणजे ठरावीक घुमणारे सूर दाबणाऱ्या डब्याने, घडवलेला असतो. कॅटच्या मागील जोडापासून शेपटीपर्यंतचा भाग बदलणारी जी ‘कॅट-बॅक’ प्रणाली मिळते, तिने आवाजाचा पोत हवा तसा बदलता येतो आणि उत्सर्जनाच्या यंत्रणेला धक्काही लागत नाही. उलट कॅट काढल्यावर जो आवाज येतो त्यात भारदस्तपणापेक्षा कर्कशपणा अधिक असतो, शिवाय गाडीमागे कच्च्या पेट्रोलचा वास पसरतो. लांबच्या प्रवासात आणखी एक त्रास उभा राहतो. चार सिलिंडरच्या इंजिनाचे मिनिटाला २,४०० फेरे होत असताना दर सेकंदाला ८० स्फोट होतात. त्या ८० हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजाला केबिनचा पत्रा साथ देऊ लागला, की ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर एका लयीत गाडी चालवणाऱ्याचे डोके तासाभरात दुखू लागते. रेझोनेटर काढून टाकण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. आणि कॅट-बॅक घेतानाही आवाजाची कायदेशीर मर्यादा सुटत नाही, ती पाळणारीच प्रणाली घ्यावी.

शक्तीच्या बाबतीत इंजिनाचा प्रकार पाहावा लागतो. टर्बो नसलेल्या इंजिनात केवळ कॅट बदलून मिळणारा फायदा इतका थोडा असतो की चालकाला तो जाणवतो असे म्हणणे धाडसाचे ठरेल. जाणवतो तो आवाज, आणि वाढलेल्या आवाजाला मन वाढलेली शक्ती समजते. टर्बो इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. त्यात धुराच्या जोराने टर्बाइन नावाचे चाक फिरते आणि त्याच्या बळावर इंजिनात जास्त हवा ढकलली जाते. टर्बाइनमधून बाहेर पडलेला वायू लगेच डाउनपाइपमध्ये, म्हणजे टर्बोला जोडलेल्या पहिल्या नळीत, आणि तिथल्या कॅटमध्ये शिरतो. टर्बाइनच्या मागचा दाब जितका कमी, तितका तो लवकर फिरू लागतो. त्यामुळे मोठ्या व्यासाची डाउनपाइप, कमी अडथळ्याचा कॅट आणि त्याला अनुरूप ईसीयूचे, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे, रिमॅपिंग (त्यातील आकडे बदलणे) या तिन्हींचा एकत्रित परिणाम खरोखर मोजता येतो. हे मी नाकारत नाही. नाकारतो ते एवढेच की यासाठी कॅट असूच नये असा निष्कर्ष काढला जातो. चांगला कॅट आणि सरळ नळी यांच्यात रस्त्यावर उरणारा फरक फार लहान असतो, आणि त्या लहान फरकासाठी तिन्ही विषारी घटक जसेच्या तसे हवेत सोडले जातात.

ज्यांच्याकडे अशी टर्बो गाडी आहे आणि ज्यांचा मूळ कॅट खराब झाल्यामुळे बदलणे भाग आहे, त्यांनी निवड कशी करावी? आपल्याकडे ही निवड एकाच आकड्यावरून होते, तो म्हणजे प्रति चौरस इंच पोकळ्यांची संख्या. कंपनीकडून येणाऱ्या कॅटमध्ये ती बहुधा ४०० ते ६०० असते, काहींत ९०० पर्यंतही असते, आणि बाजारातल्या स्पोर्ट्स कॅटमध्ये ३००, २०० किंवा १०० असते. पोकळ्या कमी म्हणजे वाट मोकळी, हे खरे. पण धूर ज्या भिंतींना स्पर्श करून शुद्ध होतो, त्या भिंतींचे क्षेत्रफळही त्याबरोबर घटते. एकाच आकारमानाच्या ठोकळ्यात हे क्षेत्रफळ पोकळ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे ४०० पोकळ्यांच्या तुलनेत २०० पोकळ्यांच्या कॅटमध्ये सुमारे ७० टक्के आणि १०० पोकळ्यांच्या कॅटमध्ये निम्मेच क्षेत्रफळ उरते. ही घट भरून काढायची असेल तर ठोकळा लांब किंवा जाड हवा. मूळ कॅटचे आकारमान बहुधा इंजिनाच्या क्षमतेच्या आसपास असते. दोन लिटरच्या इंजिनाला मूठभर लांबीचा, १०० पोकळ्यांचा कॅट विकला जात असेल, तर त्याचे काम नावापुरतेच आहे असे समजावे.

वाट मोकळी करण्याचा दुसरा आणि अधिक चांगला मार्ग म्हणजे भिंत पातळ करणे. ४०० पोकळ्यांच्या नेहमीच्या सिरॅमिक ठोकळ्यात भिंतीची जाडी साधारण ०.१५ मिलिमीटर असते, तर धातूच्या पत्र्यापासून गुंडाळून केलेल्या ठोकळ्यात पत्रा साधारण ०.०५ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यामुळे तेवढ्याच पोकळ्या ठेवूनही धातूच्या कॅटमधून वायू अधिक सहज जातो, तो तापतोही लवकर आणि हादरे अधिक सहन करतो. माझे स्पष्ट मत असे आहे की रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी ३०० ते ४०० पोकळ्यांचा, भरपूर लांबीचा आणि धातूच्या पत्र्याचा कॅट हाच विचार करण्याजोगा पर्याय आहे. १०० पोकळ्यांचा कॅट केवळ बंदिस्त शर्यतपथासाठी असतो, त्याला शहरात आणण्याचे कारण नाही. अर्थात धातूच्या ठोकळ्याची पाने एकमेकांना ब्रेझिंगने, म्हणजे वितळवलेल्या भरण धातूने, नीट जोडलेली नसतील, तर तापून-थंड होऊन तो आतल्या आत सरकतो आणि खडखडू लागतो. हा दोष स्वस्त मालात असतो आणि घेताना दिसत नाही.

न दिसणारी आणखी एक गोष्ट सर्वांत महाग असते. ती म्हणजे मौल्यवान धातूंचे प्रमाण. दोन कॅट बाहेरून हुबेहूब सारखे असू शकतात आणि एकात दुसऱ्याच्या कित्येक पट पॅलेडियम व ऱ्होडियम असू शकते. नायट्रोजनची ऑक्साइडे मोडण्याचे काम मुख्यतः ऱ्होडियम करते, आणि खर्च वाचवणारा उत्पादक नेमका त्यालाच कात्री लावतो. याशिवाय थरात सेरियम ऑक्साइड किती आहे हेही पाहावे लागते, कारण ऑक्सिजन साठवून गरजेनुसार सोडण्याची क्षमता त्याच्यामुळे येते. हे सगळे ग्राहकाला घरी तपासता येत नाही, म्हणून मान्यताप्राप्त चाचणीचा शिक्का हाच आधार ठरतो. युरोपीय देशांत बदली कॅटसाठी संयुक्त राष्ट्रांच्या १०३ क्रमांकाच्या नियमावलीनुसार मान्यता दिली जाते आणि तो ‘ई’ चिन्हाचा क्रमांक कवचावर उमटवलेला असतो. कॅलिफोर्नियात तेथील हवा मंडळाचा आदेश क्रमांक लागतो. विक्रेत्याकडे असा क्रमांक मागावा, तो कोणत्या गाडीच्या कोणत्या इंजिनासाठी आहे ते वाचावे, आणि तो दाखवता येत नसेल तर ती वस्तू घेऊ नये. परदेशी क्रमांकाने वस्तूची प्रत कळते, आपल्या कायद्याची परवानगी मिळत नाही, हेही येथेच नमूद करतो.

गॅरेजमध्ये ज्या गोष्टीला फारच हलके घेतले जाते ती म्हणजे मागचा ऑक्सिजन सेन्सर. कॅटच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेन्सर असतात. पुढचा सेन्सर मिश्रणाच्या चढउतारानुसार सतत हेलकावत असतो, आणि कॅट निरोगी असेल तर मागच्याचा संकेत स्थिर राहतो. मागचाही तसाच हेलकावू लागला की कॅट निकामी झाल्याचे ईसीयू ओळखतो आणि पी०४२० या संकेतासह चेक इंजिनचा दिवा लागतो. कमी प्रतीचा स्पोर्ट्स कॅट बसवल्यावर हा दिवा लागणे स्वाभाविक आहे. यावर खरा उपाय म्हणजे योग्य कॅट बसवणे. प्रत्यक्षात मात्र सेन्सरला नळीपासून दूर नेणारा स्पेसर लावला जातो, नाहीतर सॉफ्टवेअरमधून ती तपासणीच बंद केली जाते. दिवा विझतो, धूर तसाच राहतो, आणि उद्या इंजिनात खरा बिघाड झाला तर तो सांगणारी व्यवस्थाच आंधळी झालेली असते. हे काम करून देणाऱ्याला मी कुशल कारागीर म्हणणार नाही.

निवड कितीही योग्य केली तरी रिमॅपिंग बेजबाबदार असेल तर कॅट टिकत नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडताच फटाक्यांसारखे आवाज काढणारे जे मॅप तरुणांना आवडतात, त्यांत स्पार्क मुद्दाम उशिरा देऊन पेट्रोल एक्झॉस्टमध्येच जाळले जाते. ती उष्णता कॅटच्या तोंडावर पडते. मिसफायर होत असलेल्या, म्हणजे पेट्रोल नीट न पेटणाऱ्या, इंजिनातही हेच घडते. सिरॅमिक ठोकळा वितळून वाट बुजली, तर ज्या पिकअपसाठी सारा खटाटोप केला तोच नाहीसा होतो. आपल्याकडच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला आदर्श मिश्रणासाठी साधारण १३.५ ला १ इतके प्रमाण लागते, त्यामुळे शुद्ध पेट्रोल गृहीत धरून परदेशात तयार केलेला मॅप येथे जसाच्या तसा भरणेही योग्य नाही. तेल पिणाऱ्या इंजिनावर नवा कॅट बसवू नये, कारण इंजिन ऑइलमधील फॉस्फरस आणि जस्त हळूहळू थरावर बसून त्याला निष्क्रिय करतात.

हे सारे नागपुरात अधिक गांभीर्याने घ्यावे लागते, त्याची कारणे आपल्या हवामानात आहेत. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि हायड्रोकार्बन यांवर प्रखर सूर्यप्रकाश पडला की जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि तो फुप्फुसांना अपायकारक असतो. मे महिन्यात ज्या शहराचा पारा ४५ अंशांवर जातो, त्या शहरात ऊन कमी पडेल अशी आशा करता येत नाही. हिवाळ्याच्या पहाटे परिस्थिती उलट असते. थंड हवा जमिनीलगत अडकून राहते, आणि थंड इंजिनाचा धूरही त्याच वेळी त्याच थरात सोडला जातो. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रे आपल्या उशाशी आहेत, आणि २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूरचा समावेश आहे. पर्यावरण संशोधनातील नीरी ही राष्ट्रीय संस्था ज्या शहरात आहे, त्या शहराने मोजक्या गाड्यांच्या धुराकडे ‘एवढ्याने काय होणार’ म्हणून पाहू नये. भारत स्टेज ६ या उत्सर्जन मानकानुसार पेट्रोल कारला किलोमीटरमागे ०.०६ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडांची मुभा आहे. कॅट काढलेली एक गाडी अशा कित्येक नियमबद्ध गाड्यांइतकी घाण एकटी करते.

कायद्याची स्थिती पुरेशी स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा तसाच अर्थ सांगितला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. हवा किंवा ध्वनिप्रदूषणाचे मानक मोडणाऱ्या वाहनासाठी कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पहिल्याच गुन्ह्यात तीन महिन्यांसाठी परवान्याची अपात्रता आहे. म्हणून मूळ कॅट खराब झाल्यास त्याच गाडीचा कंपनीकडून मिळणारा कॅट बसवणे हा पहिला आणि सर्वांत निर्धोक पर्याय आहे, तो महाग असला तरी. इतर कोणताही पर्याय निवडणाऱ्याने आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून लेखी खात्री करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे.

अडचण अंमलबजावणीत आहे. बुलेटचे बदललेले सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे राज्यातील अनेक शहरांतून आपण पाहिली. ती कारवाई कानाला ऐकू येणाऱ्या गुन्ह्याविरुद्ध असते. काढलेला कॅट मात्र मंद आवाजाच्या सायलेन्सरमागे सहज लपतो. पीयूसी तपासणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजला जातो, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. भारत स्टेज ४ आणि त्यानंतरच्या कारसाठी गाडी उभी असताना ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड व २०० पीपीएम हायड्रोकार्बन ही मर्यादा आहे, आणि इंजिनाचे मिनिटाला सुमारे २,५०० फेरे ठेवून ०.२ टक्के कार्बन मोनॉक्साइडची व लॅम्डाची, म्हणजे हवा-पेट्रोलचे प्रमाण आदर्श मानाच्या किती जवळ आहे याची, वेगळी चाचणीही विहित आहे. ही दुसरी चाचणी प्रामाणिकपणे केली, तर कॅट नसलेली गाडी तीत सहसा उत्तीर्ण होणार नाही. प्रत्येक केंद्रावर ती केली जावी, तिच्यासोबत गाडीच्या निदान सॉकेटला साधे स्कॅनर जोडून उत्सर्जन तपासण्या चालू आहेत की बंद केल्या आहेत हे पाहावे, आणि शंका आल्यास गाडी लिफ्टवर घेऊन कॅट जागेवर आहे का ते डोळ्यांनी पाहावे, अशी माझी परिवहन विभागाला विनंती आहे. स्कॅनर आज लहानसहान गॅरेजमध्येही असतो, त्यामुळे खर्चाची सबब पटणारी नाही.

गॅरेजचालकांनाही एक विनंती करतो. एक्झॉस्टच्या कामाच्या बिलावर बसवलेल्या कॅटचा मान्यता क्रमांक, पोकळ्यांची संख्या आणि ठोकळ्याची लांबी-व्यास लिहून द्यावा, आणि कामाआधी व नंतर चार वायूंच्या विश्लेषकाचा छापील अहवाल ग्राहकाच्या हाती ठेवावा. ज्या ग्राहकांनी यापूर्वीच कॅट काढून घेतला आहे, त्यांनी तो जुना कॅट आपल्याच ताब्यात आहे ना याची आजच चौकशी करावी. आतल्या धातूंमुळे भंगार बाजारात त्याला मोठी किंमत येते आणि ‘खराब झालेला भाग’ म्हणून तो परस्पर विकला जाऊ शकतो. तो सुस्थितीत असेल तर नव्या गॅस्केटसह परत बसवणे हे जेमतेम काही तासांचे काम आहे.

आपला विश्वासू,
वाहन अभियांत्रिकीचा एक निवृत्त अध्यापक
धरमपेठ, नागपूर